चारायचं आणि पाजायचं

प्रिय सोयापेंड,

तुझ्या गोणीच्या तोंडाला शिवलेलं कार्ड आत्ता माझ्यासमोर आहे. प्रथिनं ४६ टक्के, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, तंतू ६ टक्क्यांच्या आत, वाळू-सिलिका २ टक्क्यांच्या आत. युरिएजची चाचणी पास. लातूर-धाराशिवकडच्या गावांत जनावरांचा डॉक्टर म्हणून तीस वर्षं फिरलो. गोठ्यात शिरलं की आधी जनावराकडे आणि मग अशा कार्डाकडे बघायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही. कार्डावर छापलेलं सगळं खरं असतं. न छापलेल्या एका गोष्टीबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे.

आधी तुझं ऋण मान्य करतो. आमच्याकडे पूर्वी दुभत्या जनावरापुढे सरकीची पेंड, नाहीतर भुईमुगाची पेंड आणि कडबा पडायचा. मग खरिपात सोयाबीन आलं. जबलपूरचं जेएस ३३५ तर इतकं पसरलं की शेतकरी नुसतं ‘तीनशेपस्तीस’ म्हणू लागले. दाण्यात तेल १८ ते २० टक्के, ते काढलं की उरतेस ती तू. बाजारात तुला कुणी पेंडसुद्धा म्हणत नाही, सगळे ‘डीओसी’ म्हणतात. मक्यात लायसीन कमी, तुझ्यात भरपूर, म्हणून तुमची जोडी जमली आणि त्या जोडीवर आमचा ब्रॉयलरचा धंदा उभा राहिला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तुझा भाव असा भडकला की केंद्र सरकारला १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. सोयाबीन पिकवणारे चिडले, पोल्ट्रीवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तुझ्यावाचून किती अडतं ते तेव्हा सगळ्यांना कळलं. तुला गोठ्याबाहेर काढा असं कुणी म्हणू लागलं तर पहिला विरोध मी करीन.

तरीही औसा तालुक्यातला तो गोठा मला विसरता येत नाही.

दोन भाऊ, सहा संकरित गाई. घरात प्रत्येक लिटरवर डोळा, कारण सोसायटीचं देणं डोक्यावर होतं. वासरांना आठ-दहा दिवस आईचं दूध दिलं, मग हिशेब मांडला. एक वासरू दिवसाला तीन लिटर पितं, तीन वासरांचे नऊ लिटर. तेवढं संकलन केंद्रावर गेलं तर गाईंचा खुराक सुटतो. कुणीतरी सुचवलं की डीओसी गिरणीतून बारीक दळून आणा, पाण्यात शिजवा, थोडा गूळ घाला आणि पाजा, दुधाइतकीच ताकद आहे. घरातल्या थोरल्या वहिनी ते मन लावून करायच्या. गुठळी राहू नये म्हणून गाळून घ्यायच्या, कोमट करून स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या. पहिले काही दिवस वासरं खुशाल होती.

मला बोलावणं आलं ते दुसऱ्या आठवड्यात. शेपटीखालचे केस चिकटून कडक झाले होते, डोळे खोल गेले होते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहायची, हळूहळू बसायची. शेण म्हणावं असं काही नव्हतंच, नुसतं पिवळसर पाणी. सगळे करतात तेच मी केलं. सलाइन, अँटिबायोटिक, जंताचं औषध. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. निघताना अंधारात एका बादलीला पाय लागला. तळाशी बोटभर साका बसला होता. चिमटीत घेतला तर रवाळ लागला, वास मात्र खमंग. ‘हे काय?’ म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘वासरांचं दूध की, डॉक्टर.’

पाजणं त्याच रात्री थांबवलं. मीठ-साखर-सोड्याचं पाणी, मग दूध, थोडं थोडं करत. दोन कालवडी उठल्या. धाकटा गोऱ्हा गेला.

वासराला हगवण लागायला कारणं पुष्कळ असतात. रोटाविषाणू असतो, ई. कोलाय असतो, ओला गोठा असतो, चीक वेळेवर न मिळणं असतं. त्या गोऱ्ह्याला तूच नेलंस असं मी शपथेवर सांगणार नाही. मला आजही टोचतं ते वेगळंच. माझ्या नोंदवहीत ‘निदान’ असा रकाना होता, ‘उपचार’ असा रकाना होता, पण वासरू काय पितंय यासाठी रकाना नव्हता आणि मीही तो कधी आखला नाही. त्या तीस वर्षांत ‘हगवण’ हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल!

त्यानंतर मी तुझ्याबद्दल वाचायला लागलो. कच्चं सोयाबीन जनावराला सोसत नाही, हे जुनंच ज्ञान. १९१७ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. पुढे १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं प्रथिन सोयाबीनमधून वेगळं काढून त्याचे स्फटिक केले. तेव्हापासून सगळ्या जगाची तुझ्याबद्दलची समजूत ठरली, की भाजली म्हणजे झाली. तेलगिरणीत हेक्झेन उडवून लावताना तुला वाफेवर भाजतात ते त्यासाठीच. मग युरिएज मोजतात. युरिएज हे तुझ्यातलंच एक विकर. भाजल्यावर ते मेलं असेल तर ट्रिप्सिनचा अडसरही बराचसा गेला, असं धरायचं. युरियाच्या द्रावणाची चाचणी मी स्वतः गावोगाव करून दाखवली आहे. लाल ठिपके थोडे आले की चांगली, बशी लाल झाली की कच्ची. एकही ठिपका नाही आला तर जास्त भाजल्याची शंका घ्यायची, कारण जास्त भाजलं की लायसीन वाया जातं.

ती चाचणी चांगलीच आहे. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते. तुझ्यातल्या प्रथिनांचा ६५ ते ८० टक्के वाटा दोघांचा आहे, ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन. तू बी म्हणून जमिनीत पडलीस तर कोंबाला पहिले दिवस पुरवायची शिदोरी म्हणजे हीच दोन प्रथिनं. ४६ टक्क्यांचा जो आकडा कार्डावर मिरवतो तो मुख्यतः यांचाच. आणि वासराच्या शरीराला परकी वाटतात तीही हीच. गिरणीतल्या नेहमीच्या भाजण्याने ट्रिप्सिनचा अडसर जातो, या दोघांची ओळख मात्र पुष्कळशी शाबूत राहते. युरिएज पास झालेली गोणीसुद्धा कोवळ्या आतड्यात ऍलर्जी उठवू शकते. हे कार्डावर नाही आणि आमच्या प्रशिक्षणातही ते मला कुणी ठळकपणे सांगितल्याचं आठवत नाही.

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ शिनफिल्ड इथे दुग्धव्यवसायाची राष्ट्रीय संशोधन संस्था होती. तिथे १९७०च्या दशकात सिसन्स, किलशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासरांना दुधाऐवजी सोयाबीनच्या पिठाचं मिश्रण पाजून पाहिलं. लहान आतड्याला नळ्या बसवून आत काय चाललंय ते मोजलं. सुरुवातीच्या पाजण्यात विशेष काही दिसलं नाही, पण काही पाजणी झाल्यावर चित्र पालटलं. चौथ्या पोटातून माल पुढे सरकायचा अडखळत, आतड्यात आला की सुसाट पळायचा, पाणी आणि नत्र शोषलंच जायचं नाही. रक्तात सोयाप्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. हे वाचताना औशातले ते पहिले खुशाल दिवस माझ्या डोळ्यांपुढे आले. शरीर तुला ओळखायला शिकत होतं, आणि आम्ही समजत होतो की तू मानवलीस.

इथे मला आपल्या भाषेतले दोन शब्द मदतीला येतात, चारणं आणि पाजणं. वासराला चार पोटं असतात, पण जन्मतः कामाचं एकच, चौथं. वासरू चोखायला लागलं की अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोठीपोटाला, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटाला, वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. तिथल्या रेनिनने दुधाचं दही बनतं आणि ते दही तासन्‌तास हळूहळू विरघळत पुढे जातं. निसर्गाची ही केवढी शहाणी सोय आहे! तुझं दही होत नाही. तू पाण्यासारखी पुढे सरकतेस आणि अर्धवट पचलेली लहान आतड्यात पोचतेस, जिथे नुकतंच शिकायला बसलेलं प्रतिकारशक्तीचं सैन्य उभं असतं. तेच वासरू महिन्याभराने कोरडा खुराक चघळू लागलं, की तो घास पन्हळीतून जात नाही, कोठीपोटात पडतो. तिथले जिवाणू तुझी बरीचशी प्रथिनं फोडून स्वतःचं शरीर बांधतात आणि पुढे वासराला मुख्यतः तेच पचवायला मिळतात. त्या गर्दीत तुझी ओळख पुसली जाते. तीच तू, तेच वासरू, फरक फक्त वाटेचा. म्हणून मी आता प्रत्येक गोठ्यात एवढंच सांगतो, डीओसी चारा, पाजू नका.

डुकराच्या पिल्लाला अशी दुसरी वाटच नाही. त्याचं पोट आपल्यासारखं एकच. १९८०च्या दशकात ब्रिस्टल विद्यापीठात आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्यात यावर बरंच काम झालं. १९९० साली कॅन्ससच्या अभ्यासकांनी तीन आठवड्यांची पिल्लं आईपासून तोडून सोयापेंडीवर ठेवली. त्यांच्या कातडीत सोयाप्रथिन टोचून जाडी मोजली तर फुगवटा येत होता, रक्तात प्रतिपिंडं वाढलेली होती. आतडं उघडलं तर रसांकुर आखूड झालेले. आतड्याच्या आतली बाजू म्हणजे मखमल समज. तिची प्रत्येक लव म्हणजे एक रसांकुर, आणि अन्न शोषलं जातं ते त्याच लवेतून. मखमल झिजली की तेवढ्याच जागेत शोषणारा पृष्ठभाग किती तरी कमी उरतो. झीज भरून काढायला शरीर घाईने नव्या पेशी वर ढकलतं, पण त्या कोवळ्या, शोषायला न शिकलेल्या. बहुतेक पिल्लांत ही अवस्था काही आठवड्यांत ओसरते, शरीर तुला सहन करायला शिकतं. पण तेवढ्या काळात मागे पडलेलं पिल्लू कळपात मागेच राहण्याचा धोका असतो.

वाढ खुंटते ती नुसतं अन्न शोषलं जात नाही म्हणून असंही नाही. आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी दबा धरून असतात. त्यांच्यावर आयजीई जातीची प्रतिपिंडं बसलेली. तुझं प्रथिन त्यांना चिकटलं की त्या फुटतात, हिस्टामिन सोडतात, आतड्यात पाणी झिरपतं, पेशींमधले सांधे सैल होतात आणि एरवी बाहेर राहिले असते ते जिवाणू आत शिरायला बघतात. शरीर सूज आणायचे निरोप पाठवतं. त्या निरोपांनी भूकही मरते. जे प्रथिन मांस-हाडात जायचं ते प्रतिपिंडं घडवण्यात खर्ची पडतं. वासरू चीक पिऊन उसनी प्रतिकारशक्ती आणतं. गाईची प्रतिपिंडं वारेतून गर्भाला मिळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसाचा चीक हीच त्याची सगळी पुंजी. स्वतःची फौज उभी राहायच्या आधीच त्याला अन्नाशी लढायला लावायचं, ही गोष्ट मला हलकीशी वाटत नाही.

माशांचं मी थोडक्यात सांगतो, कारण तो माझा प्रांत नाही. नॉर्वेत सॅल्मनला मासळीच्या भुकटीऐवजी तुझ्यावर पोसायला गेले तेव्हा आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आली. १९९६ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी ती नीट नोंदवली आणि तुला खाद्यातून काढल्यावर तीन आठवड्यांत आतडं पूर्ववत झाल्याचंही दाखवलं. त्यात दोष प्रथिनांपेक्षा तुझ्यातल्या सॅपोनिनांचा जास्त ठरला, पण वाट तीच होती. खाणाऱ्याच्या पोटाची घडण न पाहता तुला पुढे केलं होतं. माणसांच्या बाबतीत बार्सिलोनाचं बंदर आठवतं. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात अचानक एकाच दिवशी दम्याचे रुग्ण गर्दीने दवाखान्यात यायचे. असे २६ उद्रेक झाले. शेवटी कळलं की ज्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवतात त्या दिवशी हे घडतं. एका सायलोला धूळ गाळायची पिशवीच नव्हती, आणि टरफलाच्या धुळीतली प्रथिनं वाऱ्याबरोबर शहरात जात होती. पिशव्या बसवल्या, उद्रेक थांबले. सोयाबीन अजूनही त्या बंदरात उतरतं.

तुझ्यावरही उपाय आहेत, म्हणून तर एवढं लिहितो. शिनफिल्डच्याच मंडळींनी पाणी मिसळलेल्या गरम अल्कोहोलने तुला धुतलं, तर वासरांचा त्रास बराच कमी झाला. परदेशात चांगल्या मिल्क रिप्लेसरमध्ये आणि सॅल्मनच्या खाद्यात जातं ते असं धुतलेलं सोयाप्रथिन. दुसरा उपाय आंबवण्याचा. अस्परजिलस बुरशी किंवा बॅसिलस जिवाणू तुझ्यावर दिवस-दोन दिवस सोडले की ते त्या दोन मोठ्या प्रथिनांचे तुकडे पाडतात. याचं मला फार अप्रूप वाटतं, कारण आपल्याच देशात नागालँडमध्ये अखुनी, मणिपूरमध्ये हवाइजार आणि सिक्कीमकडे किनेमा करणाऱ्या बायका कित्येक पिढ्या शिजलेलं सोयाबीन पानांत गुंडाळून, उबेला ठेवून आंबवत आल्या आहेत. आपण महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवर सोयाबीन घेतो, आणि आंबवतो एक दाणासुद्धा नाही.

तिसरा उपाय बियाण्याचा. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा कुनिट्झचा अडसर नसलेला वाण आणला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. अमेरिकेत हायमोविट्झ यांनी जपून ठेवलेल्या हजारो वाणांचं बी तपासून अडसर नसलेले आणि पी-३४ नावाचं ऍलर्जीकारक प्रथिन अगदी कमी असलेले दाणे शोधून काढले, आणि २०१५ मध्ये साध्या संकराने तीन त्रासदायक प्रथिनं एकत्र गाळलेला वाण तयार झाल्याचं जाहीर झालं. पण ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन कशी गाळणार? तुझं सत्त्व मुख्यतः तीच आहेत. तिथे बियाणं हात टेकतं आणि काम गिरणीकडे येतं.

आणि गिरणीकडून काम कार्डाकडे येतं. माझी मागणी खरं तर तुझ्याकडे नाहीच, तुला गोणीत भरणाऱ्यांकडे आहे. पण तुझ्या नावाने लिहिलं तर वाचतील, अशी आशा आहे. वासरांसाठी म्हणून जी भुकटी विकता, तिच्या पाकिटावर नुसतं ‘प्रथिनं २० टक्के’ लिहू नका. त्यातली दुधाची किती आणि सोयाबीनची किती ते लिहा. सोयाबीनची असतील तर ती नुसती भाजलेली आहेत, अल्कोहोलने धुतलेली आहेत की आंबवलेली, ते लिहा. किती दिवसांच्या वासराला चालेल ते मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, कारण ते पाकीट संध्याकाळी, पिवळ्या बल्बखाली, ओल्या हातांनी उघडलं जातं. आणि दूध संकलन केंद्रांवर फॅटचा दर लिहितात त्याच फळ्यावर एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत आहे, की वासराचं पहिल्या दोन महिन्यांचं दूध त्याला द्या? मला ठाऊक आहे, नऊ लिटरांचा प्रश्न खरा आहे. त्या भावांना मी कंजूष म्हणणार नाही. ज्या हिशेबात वासराचं दूध हा तोटा ठरतो, तो हिशेब त्यांनी एकट्यांनी मांडलेला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पुन्हा त्या गोठ्यावर गेलो होतो. दोन कालवडी दावणीला होत्या. थोरली अडीच-पावणेतीन महिन्यांची, पाठीवर केस चमकत होते. धाकटी जरा बारीक, तिची भरपाई अजून व्हायची होती. वहिनींनी घमेल्यात काफ स्टार्टर आणला, भरडलेला मका, गव्हाचा कोंडा, मीठ-खनिजं आणि पाचात एक वाटा तू. त्यांचा हात घमेल्यावर थांबला. म्हणाल्या, ‘ह्यात पण तीच आहे ना?’ मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग मूठभर खुराक तळहातावर घेऊन थोरलीच्या तोंडाशी धरला. तिने हुंगला, जिभेने चाटून घेतला आणि सावकाश चावायला लागली. आम्ही अर्धा तास तिथेच उंबऱ्यावर बसून राहिलो. मग ती बसली, आणि तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला. ती रवंथ करत होती.

तुझा,
एक निवृत्त पशुवैद्यक